बिजलीचं अंथरूण

हरेश्वरने होडी विकून घोडी घेतली, तेव्हा त्याच्या बायकोने, काशीने, एवढंच विचारलं, की हिला वल्ही कुठे लावायची. उभा जन्म दर्यावर काढलेला तांडेल तो. गुडघे गेले म्हणून किनाऱ्याला लागला, आणि आता म्हणे पुळणीवर पाहुण्यांच्या पोरांना घोडीवरून फिरवणार. कोळीवाड्यात लोक हसले. काशीही हसली, पण दार लावून.

घोडीचं नाव बिजली, आणि घाई काय असते ते तिला ठाऊक नव्हतं. मुंबईत बग्गी ओढायची. बग्ग्या बंद झाल्या आणि ती या हातातून त्या हातात फिरत राहिली. टेम्पोत घालून रो-रो बोटीने तिला मांडव्याला उतरवली. घोडीला बोट लागली नाही. आणायला गेलेल्या रतनला लागली, आणि रतन काशीचा सख्खा भाऊ, म्हणजे कोळ्याच्याच पोटचा.

जाळी ठेवायची खोपी रिकामी करून बिजलीला बांधली. सगळं ठीक होतं, फक्त ती आडवी पडत नव्हती. अंगावर कधी काडी चिकटलेली नाही, कूस मळलेली नाही. पुढच्या पायांवर मात्र रोज नवं खरचटलेलं. हरेश्वरने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना, क्रांतीताईंना, बोलावलं.

"घोडं उभ्यानं डुलकी घेतं," त्या म्हणाल्या, "पण गाढ झोप आडवं पडल्याशिवाय येत नाही. ही पेंगता पेंगता गुडघ्यावर कोसळते. ही झोपेपर्यंत पाठीवर पोर बसवायचं नाही. आधी तिला चांगलं अंथरूण करा."

अंथरूण म्हटल्यावर हरेश्वरला जोर आला. पहिल्यांदा त्याने पुळणीवरची वाळू आणून पसरली. बिजलीने ती खारट वाळू चाटली आणि तिचं पोट बिघडलं. मग भाताचा पेंढा आणला, चांगला कोरडा, पिवळाधम्मक. बिजलीने अंथरूण खाल्लं. सकाळी खोपीत उघडी फरशी आणि तृप्त घोडी.

तिसऱ्या खेपेला त्याने कुणालाही न विचारता काम उरकलं. क्रांतीताई आल्या, त्यांनी वरचा पेंढा बाजूला केला. खाली जुनं जाळं होतं, घडीवर घडी.

"हे काय?"

"जालं," हरेश्वर अभिमानाने म्हणाला. "बाय, दर्यावर आमी जाल्याच्या ढिगावरच झोपायचो. त्याच्यावानी झोप गादीवर न्हाय."

"तुम्हाला खूर नाहीत," क्रांतीताई म्हणाल्या.

"ह्येंना अक्कल पन न्हाय," काशीने भर घातली आणि स्वतः ते जाळं ओढून बाहेर काढलं. नशीब, घोडीने त्यावर पाय ठेवला नव्हता. ती कोपऱ्यात अंग चोरून उभी होती, परक्या घरच्या पाहुण्यासारखी.

क्रांतीताईंनी मग नीट सांगितलं. वखारीतून मऊ लाकडाचा रंध्याचा भुसा आणायचा, कोरडा, धूळ चाळून. जाड थर द्यायचा. त्यावर गुडघा दाबून टेकला आणि फरशी लागली, तर कमी पडला. भिंतीकडेने उंच बांध घालायचा, म्हणजे लोळताना पाय भिंतीत अडकत नाहीत. ओलं झालेलं रोज उचलायचं. हरेश्वरने सगळं तंतोतंत केलं. गुडघा टेकून पाहिला, मग कूस टेकून पाहिली, आणि भर दुपारी तिथेच घोरायला लागला. बिजली त्याच्या उशाशी उभी राहून कान टवकारून राखण करत होती. रोज दुपारी हेच.

तेवढ्यात रतनने पालीचं गिऱ्हाईक आणलं. परेश नावाचा बँडवाला, वरातीला घोड्या द्यायचा.

"वरातीत तासनतास उभंच राहायचं असतं," रतन म्हणाला. "हिच्यासारखी घोडी शोधून मिळणार नाही."

"आन फटाक्यात कोसळली म्हंजे?" काशीने विचारलं.

"नवरदेव हलका बसवतात," रतन म्हणाला.

रविवारी परेश येऊन घोडी घेऊन जाणार असं ठरलं. हरेश्वर हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. नुसती घोडी पोसायची ऐपत कुणाची आहे? पण काशीला धास्ती वेगळीच होती. होडी गेल्यापासून हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसायचा. घोडी आल्यावर तो भांडायला लागला, कालवणात मीठ कमी आहे म्हणायला लागला. घोडी गेली की पुन्हा भिंत. मेलं ते जनावर पडत का नाही, म्हणून तिला रडूच आलं.

रविवारी जेवणं झाली आणि हरेश्वर रतनबरोबर परेशला आणायला सडकेवर गेला. काशी करदीची, बारीक कोळंबीची, पाटी घेऊन खोपीत निवडायला बसली. सावली होती म्हणून, असं ती म्हणाली असती. बिजलीने भुसा हुंगला. खुराने उकरला. एक गिरकी घेतली, पुढचे गुडघे मोडले, आणि केवढा तरी सुस्कारा टाकून आडवी झाली. मग मानही टाकली.

काशीचा हात करदीत थांबला. पायाला मुंग्या आल्या तरी ती हलली नाही.

दारात तिघे येऊन उभे राहिले. "मेली काय?" परेशने विचारलं. बिजलीने घोरून उत्तर दिलं. हरेश्वरने रतनकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली, घोडी द्यायची नाही म्हणून. रतनने परेशला हाताला धरून चहाला नेलं.

हरेश्वर चपला काढून आत आला. "काय केलंस गो?"

"बसले."

"मी पन बसलूच व्हतो की."

"तुमी बसता आन घोरता. मंग ती कशी झोपंल? तिला जागं मानूस लागतं. बग्गीला जोडीची घोडी आसंल, येक झोपली की दुसरी जागी." काशी हलक्या आवाजात बोलत होती, पण थांबत नव्हती. "तुमी दर्यावर आसताना मी आशीच बसायची. वारा सुटला की उशीला डोकं न्हाय लावलं कवा. मला सवय हाय."

एवढ्या वर्षांत हरेश्वरने हे कधी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं. मग त्याने तिच्या मांडीवरची पाटी उचलून आपल्या मांडीवर घेतली.

"तू पड," तो म्हणाला. "मी जागा ऱ्हातो."

"तुमी?"

"पड म्हनतो ना."

काशी भुशाच्या बांधाला टेकली. अंथरूण खरंच मऊ होतं. तिने एक डोळा मिटला आणि दुसऱ्याने पाहत राहिली. हरेश्वर करदी निवडत होता, चुकीची निवडत होता, पण जागा होता. मग तिने दुसराही डोळा मिटला.