आतली कडी

“कडी आतूनच बसव हं, सिरिल. बाहेरून अजिबात नाही!” चहाचं दुकान चालवणाऱ्या मेबलने तिसऱ्यांदा बजावलं.

“अगं बाई, चाळीस वर्षं यॉर्क शहरभर कड्याकुलपंच ठोकतोय. मला शिकवतेस होय?”

“तुला नाही, तुझ्या हातांना सांगतेय,” म्हणत ती खाली गेली.

माळ्यावरच्या त्या खोलीची गोष्ट अख्ख्या गल्लीला पाठ होती. प्लेगच्या साथीत आईबापांनी आजारी पोरीला तिथे बाहेरून कोंडलं आणि ते शहर सोडून पळाले. तेव्हापासून त्या दाराला बाहेरून कडी म्हणून कुणी लावली नव्हती. सिरिलचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. खोली झाडून, दार लोटून तो कामाला लागला.

पण लक्ष सगळं घराकडे. त्याची बायको आयव्ही वर्षभरात सगळं विसरत चालली होती, दोनदा पार नदीपर्यंत भटकत गेली होती. म्हणून गेल्या महिन्यात त्याने घराच्या दाराला बाहेरून कडी ठोकली होती. कामावर निघताना तो ती लावून जायचा. आज त्याच तंद्रीत तो दाराबाहेर उभा राहिला आणि हातांनी तेच केलं. कडी सरकवून पाहिली तेव्हा कुठे ध्यानात आलं. अरे देवा, बाहेरून बसली की ही!

तेवढ्यात आतून दारावर हात फिरला. इवलासा तळवा, खालून वर चाचपत येणारा.

सिरिलने झटकन कडी सरकवून दार उघडलं. रिकामी खोली, सकाळचं ऊन. त्याच्या गुडघ्याला घासून काहीतरी गार गेलं आणि खाली दुकानाच्या दाराची घंटी किणकिणली. त्याने नकळत टोपी काढली. भीती नव्हती वाटत. देवळात उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

“कोण गेलं रे आत्ता?” खालून मेबल ओरडली.

त्याने कडी उखडली, पिशवी उचलली. “आतली उद्या बसवतो. आयव्ही घरात कोंडलेली आहे.”

“कोंडलेली? कुणी कोंडलं?”

तोवर तो जिना उतरून रस्त्याला लागला होता.

घराच्या दाराशी तो थबकला. आतून हात फिरत होता, खालून वर. त्याने दार उघडलं. आयव्ही कोट घालून उभी, एकाच पायात बूट.

“कधीची चाचपतेय रे,” ती म्हणाली. “कडीच सापडेना मेली.”

“नव्हतीच गं आत. चुकलं माझं.” त्याला रडू आवरेना.

त्याने बाहेरची कडी उखडून काढली. अवजारांची पिशवी कपाटात टाकली, तिचा दुसरा बूट शोधला आणि गुडघ्यावर बसून नाडी बांधली.

“कुठे जायचंय?”

“नदीवर.”

“चल. मीही येतो.”

दार सताड उघडं होतं.