लपवायची जागा

जनाबाईंनी तांदळाचा डबा परातीत उपडा केला, दाण्यांतून हात फिरवला आणि मान हलवली. इथेही नाही.

"आई, औषध लपवताना एखादी जागा तरी लक्षात ठेवायची," मैत्रेयी म्हणाली. तिच्या कडेवर तिची लहानगी लेक यशू खोकली. खोकून झालं की ती स्वतःच टाळ्या वाजवायची, जणू मोठंच काम फत्ते झालं.

"लक्षात होती गं. पण काल बदलली ना."

उंबऱ्यापाशी बसून मैत्रेयीचा धाकटा भाऊ सम्यक लसूण सोलत होता. तो व्यसनमुक्ती केंद्रातून अंबरनाथला घरी आला, तेव्हापासून जनाबाईंनी घरातली एकूण एक बाटली गायब केली होती. खोकल्याचं औषध पिऊन पिऊनच पोरगा हातचा जायला निघाला होता. त्यामुळे निलगिरीचं तेल, व्हिनेगर, कोकम सरबत, कुणाचीच गय नव्हती. सकाळच्या बुद्धवंदनेत नशा न करण्याचं पाचवं शील आलं की त्यांचा आवाज आपोआप चढायचा.

"अशीच म्हणत राहा," सम्यक म्हणायचा. "माझं माहीत नाही, पण समोरचे काका नक्की बारमध्ये जाणं सोडतील."

यशूचं औषध साधंच होतं, लहान मुलांचं, संत्र्याच्या वासाचं. पण हे जनाबाईंना कोण पटवणार?

यशूला पुन्हा उबळ आली. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. ती रडायला लागली.

सम्यक उठला. "मी आणू का मेडिकलमधून?"

"नको!" दोघी एकदम म्हणाल्या.

सम्यकने हाताला चिकटलेली सालं सावकाश झटकली.

"बरोबर आहे. मला बघून तो शटरच खाली ओढेल."

मैत्रेयीला हसू आलं आणि लगेच हसल्याचं वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून ती बोलून गेली, "सम्या, तू असतास तर बाटली कुठे लपवली असतीस?"

जनाबाईंनी लेकीवर डोळे वटारले. सम्यक मात्र सोफ्याकडे बघत होता. उल्हासनगरहून आणलेला सोफा, मागचं अस्तर उसवलेलं. त्याने तो भिंतीपासून ओढला, मागून हात घातला आणि संत्र्याच्या चित्राची बाटली बाहेर काढली.

"आई! माझी जागा?"

"एकदा पकडल्या गेलेल्या जागी तू परत कशाला बघशील, असं वाटलं मला," जनाबाई पुटपुटल्या.

"तू पोलिसात पाहिजे होतीस."

मैत्रेयीने यशूला औषध पाजलं. यशूने चमचा चाटूनपुसून घेतला आणि म्हणाली, "अजून!"

दोघी मायलेकी हसल्या. सम्यक हसला नाही. तो अजून सोफ्यामागेच वाकलेला होता. हात आत, तोंड भिंतीकडे.

"अडकला का रे?" जनाबाईंनी विचारलं.

"नाही."

तरी थोडा वेळ तो तसाच राहिला. मग त्याने हात बाहेर काढला. धुळीने माखलेली तपकिरी बाटली, निम्म्याहून जास्त भरलेली. त्याचीच, जुनी. अस्तराच्या तळाला घसरली असणार. तिथेच राहिली असती तर कुणाला पत्ता लागला नसता.

जनाबाईंचा आवाज अगदी खाली आला. "ओतून टाक बाळा. तुझ्या हातानेच ओत."

सम्यकने नकारार्थी मान हलवली आणि बाटली बहिणीपुढे धरली. दुसऱ्या हाताने स्वतःचंच मनगट घट्ट पकडलं होतं.

"ताई, तू ओत. झाकण मी नाही उघडणार. आणि नळ मोठा सोड. वास यायला नको."

मैत्रेयीने बाटली घेतली, यशूला त्याच्या कडेवर दिलं आणि ती मोरीत गेली. पाण्याचा जोरात आवाज आला.

"झालं का?" बाहेरून सम्यकने विचारलं.

"झालं."

"थोडा वेळ चालूच ठेव."

एरवी एक तांब्या वाया गेला तरी ओरडणाऱ्या जनाबाई टाकीचं पाणी वाहताना ऐकत राहिल्या.

"राहू दे चालू," त्या म्हणाल्या.