केव्हीटी ४१८ ची नंबरप्लेट

माझ्या जावयाने घरी गाडी बांधली. चांगली बांधली, नावं ठेवायला जागा नाही. पण नंबरप्लेट? दुकानात गेला, नंबर सांगितला, चहा संपायच्या आत प्लास्टिकची पट्टी हातात. दोन स्क्रू पिळले, झालं. मी काही बोलले नाही. म्हणजे थोडं बोललेच. "एवढ्यात झालं?" म्हटलं. तर म्हणतो, "लॉर्ना, अजून काय करायचं असतं त्यात?"

काय करायचं असतं! सत्याहत्तर साली आमच्या दोन नंबरप्लेटनी माझ्या बापाचे दोन महिने आणि माझ्या आईचं एक पातेलं खाल्लं होतं.

आम्ही लाँगटनचे. तेव्हा गावात दोनच प्रकारची माणसं होती: चिनी मातीची भांडी करणारी आणि त्यांना ओटची धिरडी विकणारी. माझे बाबा, एनॉक टनिक्लिफ, साचे करायचे. किटलीचे, कपाच्या कानाचे, कपाटावर मांडायच्या कुत्र्यांचे. मी त्याच कारखान्यात कपांवर फुलं रंगवायची. आई मात्र आमच्यातली नव्हती. आयव्ही टनिक्लिफ, सरकारी सुईण. अर्धं लाँगटन तिच्या हातावर जन्माला आलं होतं.

तिची छोटी निळी गाडी होती, केव्हीटी ४१८. सकाळी बायका दाराची पायरी घासत बसलेल्या असायच्या. गाडीचं नाक कोपऱ्यावर दिसलं, नंबर दिसला, की हातातला ब्रश वर करून ओरडायच्या, "आज कुणाकडे गं, आयव्ही?" आई गाडी न थांबवता काच खाली करून ओरडायची, "अठ्ठावीस नंबर! जुळी आहेत बहुतेक!" पोराच्या बापाला कळायच्या आधी गल्लीला कळायचं. मला तेव्हा लाज वाटायची. आज कोणी तसं ओरडलं तर मी त्याचे पाय धरीन.

पंचाहत्तरच्या मार्चमध्ये आई गेली. दोन दिवसांचं दुखणं. तिने कुणाकुणाची सोय केली आणि तिची करायला कुणाला वेळच मिळाला नाही.

बाबा रडले नाहीत. बोलेनासे झाले. कारखान्यातून यायचे, जेवायचे, आणि मागच्या शेडमध्ये जाऊन गाडीकडे बघत बसायचे. एका रविवारी धिरडं खाता खाता म्हणाले, "वरची बॉडी गंजून चाळण झालीय. खालचा सांगाडा ठणठणीत आहे."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, नवी बॉडी बांधू. तुला वेळ आहे का, बदके?"

आमच्याकडे प्रेमाने सगळ्यांनाच बदक म्हणतात, बसवाल्यापासून पाद्रीबाबापर्यंत. पण बाबांच्या तोंडून ते मी तीन महिन्यांनी ऐकलं. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

दोन वर्षं बांधली. लाकडाची चौकट, त्यावर पत्रा, दोन माणसांची उघडी गाडी. सांगाडा, इंजिन, चाकं आईच्या गाडीची, बाकी सगळं आमचं. नंबर तोच राहणार होता, पण एका अटीवर: गाड्यांची नोंदणी करणाऱ्या ऑफिसातला माणूस येऊन पुरी झालेली गाडी बघणार, नंबरप्लेटसकट, आणि सही करणार. सही नाही तर नंबर रद्द, मग देतील तो घ्यायचा. बाबांना गाडीचं एवढं नव्हतंच. त्यांना तो नंबर हवा होता. तो गल्लीतून पुन्हा एकदा जायला हवा होता.

आणि मी काय दिवे लावले ते ऐका. गाडी पुरी होत आली, तेव्हा परसात पडलेली जुनी बॉडी न्यायला भंगारवाला यायचा होता. बाबा मला बजावून गेले होते, "आधी दोन्ही नंबरप्लेट काढून ठेव." शनिवार होता, मला नाचाला जायचं होतं, केसांना रोलर लावले होते. भंगारवाला आला, मी खिडकीतूनच हात केला, "ने रे बाबा!" त्याने नेली. नंबरप्लेटसकट. सोमवारी धावत त्याच्या वखारीत गेले, तर तिथे पत्र्याचे चौकोनी ठोकळे रचलेले. त्यातला निळा कुठला तेवढं कळलं.

मी रडत सांगितलं. बाबा म्हणाले, "बरं." फक्त बरं! त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं.

नवी नंबरप्लेट तेव्हाही विकत मिळायची. मी म्हटलं, माझ्या पगारातून आणते. बाबांनी नको म्हणून मान हलवली. तिसऱ्या दिवशी त्यांनी फळीवरून आईचं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं काढलं. त्यात ती कात्र्या-चिमटे उकळायची. त्या पातेल्यात आम्ही कधी अंडंसुद्धा उकडलं नव्हतं.

"हे वितळवू," ते म्हणाले. "अक्षरं ओतू."

नाही म्हणायला माझं तोंड कुठे होतं?

बाबांनी आधी अक्षरांचे नमुने कोरले, मग त्यांवरून प्लास्टरचे साचे काढले. अक्षर साडेतीन इंच उंच असायला हवं, असा नियम. मी नमुन्यातला के हातात घेतला. "बाबा, जरा मोठा नाही का वाटत?"

"भट्टीत येईल आत," बाबा म्हणाले.

आणि मीही मान डोलावली! भांडीवाल्यांचीच पोर ना. आमच्याकडे हे आईच्या दुधाबरोबर पाजतात: माती भट्टीत आक्रसते, आठ इंचांची बशी हवी तर साचा नऊ इंचांचा. चाळीस वर्षं बाबांनी जगातली प्रत्येक वस्तू एक हिस्सा मोठी केली होती.

साचे चुलीवरच्या फळीवर आठवडाभर सुकवले, कारण ओल राहिली तर तापलेला धातू तोंडावर उडतो. मग परसात जुन्या बादलीत कोळसा पेटवला, आईच्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी उलटी लावून वारा घातला. पातेलं तुकडे तुकडे होऊन मातीच्या कुंडीत गेलं. सहा साचे, प्रत्येकात दोनदा ओतून बारा अक्षरं निघाली. घासून चांदीसारखी केली. अक्षरांना पुरेल एवढा पत्रा बाबांनी कापला, काळा रंगवला, अक्षरं रिव्हेट मारून बसवली. पुढची नंबरप्लेट बाबांनी दाबून धरली, मी गाडीखाली पाठीवर झोपून नट आवळले. मध्ये रबराच्या चकत्या घातल्या, गाडी थरथरली तरी वाजू नये म्हणून. दोघं मागे सरकून बघत राहिलो. बाबा म्हणाले, "तीच आहे."

गुरुवारी ऑफिसातला माणूस आला. कडक इस्त्री, काखेत छत्री. सांगाड्यावरचा आकडा पाहिला, इंजिनाचा पाहिला, मान डोलावत गेला. मग नंबरप्लेटसमोर उकिडवा बसला आणि खिशातून पट्टी काढली.

"मिस्टर टनिक्लिफ, हे जवळजवळ चार इंच आहे."

"शक्य नाही," बाबा म्हणाले. "साडेतीन."

"तुम्हीच मोजा."

बाबांनी पट्टी घेतली. मोजलं. पुन्हा मोजलं. मग बादली उलटी घालून तिच्यावर बसले. "भट्टी," एवढंच म्हणाले. मला क्षणभर कळलं नाही, आणि कळलं तेव्हा मी डोक्यावर हात मारला. अहो, अ‍ॅल्युमिनियम कुठलं आक्रसायला! अगदी केसभर. मातीचं गणित घातलं होतं आम्ही, दोघांनीही, डोळे उघडे ठेवून.

त्या माणसाला मी सगळं सांगितलं, आईचंसुद्धा. त्याने ऐकून घेतलं. वाईट नव्हता तो. पण म्हणाला, "मी पुढच्या गुरुवारी येतो. तेव्हाही मापात नसेल तर माझ्या हातात काही राहत नाही."

आठवडा होता. बाबा त्याच संध्याकाळी नवे नमुने कोरायला बसले. पट्टी समोर ठेवून कोरला के. मोजला, पावणेचार इंच. पुन्हा कोरला. तेवढाच. तिसऱ्यांदा त्यांनी रेघ आखून घेतली आणि रेघेच्या बाहेर गेले! जित्याची खोड म्हणतात ती ही. त्यांनी पटाशी खाली ठेवली.

"माझा हात ऐकत नाही, लॉर्ना. जाणार तिचा नंबर."

दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी 'तिचा' म्हटलं.

"सरका," मी म्हटलं.

"तुला येतं का?"

"मी घालवली ना? मग मीच आणते. सरका म्हणते ना!"

मी जन्मात पटाशी धरली नव्हती. पण दिवसाला दोनशे कपांवर गुलाब काढणारी बाई रेघेच्या बाहेर जात नाही. दोन संध्याकाळी लागल्या. बाबा शेजारी बसून, "हळू. दाबू नकोस. अगं, लोणी कापतेस का?" आणि मी, "गप्प बसा, नाहीतर तुम्हीच करा!" आई गेल्यापासून आमच्या घरात एवढी बडबड झाली नव्हती. साचे यावेळी कारखान्याच्या सुकवणीच्या खोलीत लपवून सुकवले. मुकादमाने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं, त्याच्या तिन्ही पोरी आईच्या हातच्या होत्या. मोठी अक्षरं उपटून पुन्हा कुंडीत टाकली. तेच पातेलं, दुसऱ्यांदा.

माझा आठ एका अंगाला कलला होता.

"पुन्हा करू?" मी विचारलं.

बाबांनी पट्टी लावली. "वाकडा आहे, पण मापात आहे. हात लावू नकोस."

गुरुवारी तो माणूस आला, बाराही अक्षरं मोजली, आठाकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि सही केली.

रविवारी सकाळी गाडी बाहेर काढली. बाबा चालवत होते, मी शेजारी. निळी गाडी कुठे, ही कुठे! हिरवी, उघडी, बसकी, जिने आईची गाडी जन्मभर पाहिली तिलाही ओळखू येणार नाही अशी. कोपरा वळलो. मिसेस शेमिल्ट, ऐंशीच्या घरातली म्हातारी, गुडघे टेकून पायरी घासत होती. तिने गाडीकडे पाहिलंच नाही. तिने नंबर पाहिला. ब्रश वर केला आणि ओरडली,

"आज कुणाकडे गं, आयव्ही?"

आणि तोच हात तिने तोंडावर नेला. साबणाचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. मी बाबांकडे बघायलासुद्धा घाबरले.

बाबांनी ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"आमच्याकडे, मिसेस शेमिल्ट," ते म्हणाले. "आज आमच्याकडेच."

मग त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडले. मोठ्याने, लहान पोरासारखे. म्हातारी कशीबशी उठली, आली आणि ओला हात त्यांच्या पाठीवर ठेवून म्हणाली, "रड रे बदका. किती उशीर केलास." मीही रडत होते. मागे दूधवाल्याची गाडी येऊन थांबली होती. त्याने हॉर्न वाजवला नाही.