सुवासिनी छाप कुंकू

१९४६ च्या माघात सांगलीतल्या एका जाहीर सभेत एकाच लिंबाचा रस दोन ठिकाणी टाकण्यात आला. बशीतले ‘सुवासिनी छाप’ कुंकू लालच राहिले. त्या कुंकवाच्या कारखानदाराच्या पत्नीच्या कपाळावरचे कुंकू पिवळे झाले.

लिंबू चारुशीलेने आणले होते. मुलींच्या शाळेत ती रसायनशास्त्र शिकवी. तिची आई पद्माबाई हळद आणि चुन्याची निवळी यांपासून घरी कुंकू करत. गावभागातल्या बायका आपापले करंडे घेऊन येत, ओट्यावर टेकत, सुखदुःखाचे बोलत आणि करंडा भरून नेत. पुढे चारुशीलेचे वडील वारले. महिनाही उलटला नसेल, तोच ‘सुवासिनी छाप’चे कारखानदार लालासाहेब यांनी आपल्या नव्या कुंकवाची हस्तपत्रके वाटली: ‘विधवेचा हात न लागलेले, शुद्ध हळदीचे.’ त्या भागात कुंकू करणारी विधवा एकच होती, तेव्हा नाव छापायची गरज नव्हती. पद्माबाईंच्या हातांत रासायनिकदृष्ट्या काहीही बदलले नव्हते. ओट्यावर येणारे करंडे मात्र बंद झाले. मागल्या दाराने कुणी कुणी येई, पण पद्माबाई त्यांची नावे सांगत नसत.

चारुशीलेने शाळेच्या प्रयोगशाळेत त्या कुंकवाची एक डबी तपासली. आत हळद नव्हती. खडूची भुकटी होती आणि कापड रंगवायचा परदेशी रंग. हे तिने कुणालाही सांगितले नाही. कागदावर खटला जिंकण्यात तिला रस नव्हता. ज्या गावाने आईकडे पाठ फिरवली, त्याच गावादेखत या माणसाची मान खाली गेलेली तिला पाहायची होती.

संधी लालासाहेबांनीच दिली. ‘उद्याचा बाजार आणि माणसांचे नाते’ हे त्यांचे व्याख्यान साताऱ्यात गाजले होते. आता ते सांगलीत होते. बोलत ते चांगले. उद्याचा दुकानदार गिऱ्हाइकाला ओळखणार नाही, गिऱ्हाईक दुकानदाराला ओळखणार नाही, दोघांच्या मध्ये विश्वासाची एकच खूण उरेल आणि ती म्हणजे छाप, असे त्यांनी सांगितले. मग शंका विचारा म्हणाले.

चारुशीला व्यासपीठावर गेली. तिने डबीतले कुंकू बशीत घेऊन त्यावर लिंबू पिळले आणि सांगितले, की चुन्याने लाल झालेली हळद आंबटाने पुन्हा पिवळी होते. हे लालच राहिले, त्या अर्थी यात हळद नाही.

लालासाहेब हसले. “मास्तरीणबाई, तुमचं शास्त्र मला कबूल. पण या आयाबहिणींना विचारा. सौभाग्याचं कुंकू थेंबभर लिंबानं रंग बदलावं का पक्कं राहावं?”

सभागृह टाळ्यांनी दणाणले. कुणीतरी मागून म्हणाले, “रंग बदलणारं तुमच्या आईलाच ठेवा.” चारुशीलेचे कान तापले. प्रयोग बिनचूक होता, त्यावरून निघणारा निष्कर्षही बिनचूक होता, आणि ती हरली होती.

लालासाहेबांना एवढ्यावर थांबता आले असते. पण टाळ्या वाजत होत्या. पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी चंद्राबाई बसल्या होत्या. त्यांना त्यांनी वर बोलावले. “आमच्या घरचं कपाळ बघा. टाका हो लिंबू.”

चंद्राबाई पुढे आल्या आणि त्यांनी मान किंचित वर केली. चारुशीलेने बोटाने एक थेंब लावला. कुंकवाची कड पिवळी पडली, मग मधला भाग. नाकावर पिवळा ओघळ आला.

टाळ्या थांबल्या. लालासाहेबांनी उपरण्याचे टोक पुढे केले. चंद्राबाईंनी ते हाताने बाजूला सारले आणि त्या तशाच लोकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बायकांच्या रांगेतून एक म्हातारी शांतपणे म्हणाली, “म्हंजी घरात एक आन् आमाला दुसरंच व्हय?” लालासाहेबांची मान खाली गेली. चारुशीलेने ती पुरेशी निरखून पाहिली. तिला अजिबात वाईट वाटले नाही.

पण हा निकाल तिने योजलेला नव्हता, आणि न योजलेल्या निकालाचे श्रेय घेणे तिला जमत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घराच्या मागल्या दाराशी चंद्राबाईंची मोलकरीण धोंडुबाई कुंकू न्यायला उभी होती. चारुशीलेने तिला थेट विचारले.

“आवं ताई, मालकिणीच्या कपाळाला त्या रंगानं लय फोड यायचं,” धोंडुबाई म्हणाली. “मालकास्नी सांगितलं, तर म्हनलं, फोड आलं तर येऊ द्या, पर कुंकू आपलंच लावायचं.”

“लिंबाने काय होतं हे त्यांना ठाऊक होतं?”

“ठावं न्हाई व्हय? आंबट लागू दिऊ नगा, आसं तुमच्या आईनंच सांगून धाडलं हुतं.”

कारण एवढेच होते. कारखान्यातल्या रंगाने चंद्राबाईंचे कपाळ सोलवटत होते आणि नवऱ्याने ते लावण्याची सक्ती केली होती. म्हणून त्या ‘सुवासिनी छाप’ डबी रिकामी करून तीत पद्माबाईंचे कुंकू भरत आणि तेच लावत. लिंबाचा थेंब काय करील हे माहीत असताना, नवऱ्याने लोकांसमोर बोलावले तेव्हा त्यांनी कपाळ पुढे केले.