उजव्या हाताला ग्लिसरीन

ईस्टर उलटल्यापासून लाँड्रीवाली मावशी रोज दुपारी काउंटरमागे बसून उजव्या हाताला ग्लिसरीन चोळत होती. फक्त उजव्या. डाव्याचं काय व्हायचं ते होवो.

जन्मभर इस्त्रीशी आणि वाफेच्या मशिनशी संसार केल्यावर हातांची जी गत होते ती तिच्या हातांची झाली होती. तळव्यांना घट्टे, बोटांवर जुने चटके, आणि कातडी अशी खरखरीत की रेशमी कपड्याला लागली तर धागाच ओढून काढायची. रेशमाच्या घड्या ती भाचीकडूनच घालून घेई. भाचीला ती खारू म्हणायची, कारण लहानपणी ही पोर धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांत बिस्किटं लपवून ठेवायची आणि मग गिऱ्हाइकं मुंग्यांची तक्रार घेऊन यायची.

तर ग्लिसरीन कशासाठी? पेन्टेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाला, चर्चमध्ये मोठ्या मुलांचा श्रद्धा पक्की करण्याचा विधी, दृढीकरण, होणार होता. बिशप मुलाच्या कपाळाला पवित्र तेल लावतात तेव्हा त्याच्या मागे धर्ममाता किंवा धर्मपिता उभा असतो आणि आपला उजवा हात मुलाच्या खांद्यावर ठेवतो. कोणाचा हात हवा ते मुलाने ठरवायचं. खारूच्या बाबतीत ठरवायचं काय शिल्लक आहे, असं मावशीला वाटत होतं. तेव्हा निदान हात तरी मऊ असावा.

खारू तिच्या धाकट्या बहिणीची. बाप आधीच पसार झाला होता आणि पोर मांडीवर असतानाच बहीण गेली. जाताना एवढंच म्हणाली, "ताई, तिला माझी आठवण राहू दे." हा शब्द मावशीने असा पाळला की देवानेही म्हणावं, बाई, जरा दमानं. पोर बोलायला लागली आणि चादरीचं टोक चोखत एके दिवशी तिच्याकडे बघून "आई" म्हणाली, तेव्हा मावशीने तिला उचलून भिंतीवरच्या फोटोसमोर नेलं. "आई ती. मी मावशी." मग वाफेच्या मशिनमागे जाऊन ती मनसोक्त रडली. तिथे ओला चेहरा कोणाच्या लक्षात येत नाही. पोरीने तो शब्द पुन्हा काढला नाही. मुलं ऐकतात, हीच तर पंचाईत आहे.

त्या एका शब्दासाठी मावशी आतून किती झुरली ते तिचं तिला ठाऊक. शेजारच्या घरातून कुणी "आई, टॉवेल!" असं ओरडलं तरी तिचा जीव तिकडे धावायचा. पण धर्ममाता? त्यात माता होती, आणि बहिणीचं काही हिरावून घेतल्याचं पापही नव्हतं. चोरी नाही, लबाडी नाही, सगळं खुद्द बिशपांच्या समोर. पुढच्या महिन्यात खारू नर्सिंग शिकायला दुसऱ्या शहरात जाणार होती. जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, सगळ्यांच्या देखत तो हात त्या खांद्यावर ठेवायला मिळावा, एवढंच तिचं मागणं होतं.

सणाच्या आधीच्या बुधवारी बसवाली ड्रायव्हरबाई लाँड्रीत शिरली. चर्चच्या कॉयरमध्ये गाताना हिचा आवाज हॉर्नसारखा सगळ्यांना बाजूला सारतो. तिने काउंटरवर एक लाल जाकीट टाकलं.

"अशी इस्त्री कर की बिशप बघत राहिले पाहिजेत. रविवारी मी धर्ममाता आहे!"

"अगंबाई! कोणाची?"

"कोणाची काय? तुझ्या खारूची! बोलली नाही तुला?"

"बोलली की," मावशी म्हणाली. सणाच्या तोंडावर ती असं धडधडीत खोटं बोलली.

ड्रायव्हरबाई गेल्यावर तिने ते जाकीट समोर पसरलं. जाळून टाकावंसं वाटलं. पण गिऱ्हाइकाचा कपडा तो गिऱ्हाइकाचा कपडा. तिने त्यावर ओलं फडकं टाकलं आणि अशी कडक इस्त्री केली की बाह्यांच्या धारेने भाजी चिरता आली असती. ग्लिसरीनची बाटली मात्र तिने फडताळात मागे ढकलून दिली.

घरी ताटं आपटायला सुरुवात झाली.

"काय झालंय तुला?" खारूने विचारलं.

"मला काय व्हायचंय?"

यापुढे विचारण्यात अर्थ नसतो हे त्या घरात दोघींनाही ठाऊक होतं. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, असं मावशी पातेल्याला ऐकवत राहिली. पोरीला आपली लाज वाटत असेल का? हातांची, वाफेच्या वासाची? शुक्रवारपर्यंत तिची खात्रीच पटली. राग होता तोवर बरं होतं. शनिवारी रागही ओसरला आणि उरलं ते नुसतं दुःख.

रविवारी तिने वेदीचं लाल कापड स्वतः नेऊन अंथरलं, कारण काम ते काम, आणि मग सगळ्यात मागे, खांबाआडच्या बाकावर जाऊन बसली. फादर पुढे सगळ्यांना जागा दाखवत होते. आईवडील पहिल्या दोन बाकांवर. त्यांच्यामागे मुलं आणि मुलांच्या शेजारी त्यांचे धर्ममाता-धर्मपिता.

खारू बाकांमधून तरातरा मागे आली.

"तू इथे काय करतेस?"

"बसलेय. दिसत नाही?"

"तुझी जागा पुढे आहे."

"पुढचे बाक आईबापांचे. धर्ममातेची जागा भरली. मावशांसाठी फादरांनी बाक ठेवलेला नाही."

खारू तिच्याकडे बघतच राहिली. "म्हणून चार दिवस ताटं आपटतेयस? मग विचारायचंस ना!"

"मी विचारायचं? चोराच्या उलट्या बोंबा!" मावशीचा आवाज फुटला. "मी का नको झाले गं? हात खरखरीत आहेत म्हणून?"

"हाताचं काय मधेच?" खारू तिच्याशेजारी टेकली. "क्लासमध्ये पहिल्याच दिवशी फादरांनी सांगितलं. आईला धर्ममाता होता येत नाही. बापालाही नाही. बाकी कोणीही चालेल, पण आईबाप नाहीत. चर्चचा नियमच आहे. मग मी तुला कशी घेणार?"

"मावशी चालते," मावशी कशीबशी म्हणाली. "मला माहीत आहे. मावशी चालते."

"फादरही तेच म्हणाले. मी म्हटलं, फादर, मावशी असती तर घेतलीच असती."

खारूने मान खाली घातली. "तुला आवडत नाही म्हणून मी तो शब्द बोलत नाही. पण खोटं सांगून बिशपांसमोर कशी उभी राहू? आता ऊठ. बाक भरेल."

पहिल्या बाकावर नव्याने राहायला आलेला एक बाप बसला होता. त्याने सरकून जागा दिली. मिस्साची उपासना सुरू झाली, वाचनं झाली, प्रवचन झालं, यातलं मावशीला काही म्हणजे काही कळलं नाही. मुलं एकेक करून बिशपांसमोर जाऊ लागली. खारू पुढे झाली आणि ड्रायव्हरबाईचा लाल बाहीतला हात तिच्या खांद्यावर पडला.

धाकटे, मावशी मनात म्हणाली, रागावू नकोस गं. तुझी आठवण मी कुठे जाऊ देणार नाही. पण आज मला बसू दे इथे.

"तुमची कोणती?" शेजारच्या बापाने हळूच विचारलं.

"ती," मावशी म्हणाली. "मी तिची आई."

हळू बोलायचं तिच्या मनात होतं. पण मशिनच्या वर आवाज चढवायची जन्माची सवय. तो शब्द वेदीपर्यंत पोचला. बिशपांचं तेलाचं बोट क्षणभर हवेतच थांबलं. खारूने मागे वळून पाहिलं नाही, तशी ती वेळही नव्हती. पण ड्रायव्हरबाई अजून सांगते, की त्या क्षणी हाताखालचा खांदा हुंदक्याने असा गदगदला की तिला दुसराही हात ठेवावा लागला.