डोळ्यांखालचे मणी

“काय रे, हिला पुन्हा रडवलंस?” हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच नणंदेने भावाला फैलावर घेतलं.

“ताई, मी आत्ताच घरी आलोय.”

“आल्या आल्या रडवलंस? कमाल आहे.”

खरं तर कोणीच रडत नव्हतं. धुलाईच्या दुकानात बावीस वर्षं इस्त्री करणाऱ्या त्याच्या बायकोच्या डोळ्यांखाली घामाच्या ग्रंथींच्या बारीक गाठी आल्या होत्या. पाण्याने भरलेल्या, काचेच्या मण्यांसारख्या. दिवसभर वाफेत उभी राहून ती घरी येई, तेव्हा त्या टम्म फुगलेल्या असत आणि बाई आत्ताच ढसाढसा रडून उठली असंच बघणाऱ्याला वाटे. गिऱ्हाइकं हळहळत. शेजारणीने तर हिच्या नवऱ्याशी बोलणंच टाकलं होतं. बिचारा घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, गजरापेक्षा मोठा आवाज त्याने जन्मात काढला नव्हता. त्याच्या अब्रूचं पार खोबरं झालं.

शेवटी तोच तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. तिथल्या गारेगार खोलीत तासभर बसल्यावर नंबर लागला, तोवर गाठी जिरून गेल्या होत्या.

“कुठे आहेत?” डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून विचारलं.

“होत्या हो,” नवरा काकुळतीला आला. “हवं तर शेजारणीला विचारा.”

त्या हसल्या. “गारव्यात बसतात त्या. जरा घाम गाळून या.”

मग दवाखान्याचा जिना दोघंही चढली-उतरली. चौथ्या खेपेला तिच्या गाठी वर आल्या आणि नवरा खाली बसला.

“घाबरू नका, निरुपद्रवी आहेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “सुईने टोचून पाणी काढता येतं, पण पुन्हा भरतं. कापून किंवा विजेच्या सुईने जाळून काढल्या तर सहसा परत येत नाहीत, मात्र बारीक व्रण राहू शकतो. आणि तुमच्या वीसेक आहेत. घाम थोपवायचं इंजेक्शनही आहे, पण त्याचा गुण काही महिनेच टिकतो. नाहीतर राहू द्या, फक्त उकाड्यापासून जपा.”

“सगळ्या जाळून टाका,” जिन्याची धाप अजून न गेलेला नवरा म्हणाला.

“तोंड कोणाचं आहे?” तिने विचारलं.

खालच्या पापणीवरची एक मोठी गाठ इस्त्रीखालची शिवण बघताना आड येई. तेवढी तिने काढून घेतली. पट्टी निघाल्यावर भर दुपारी ती मालकासमोर उभी राहिली.

“मला खिडकीजवळचं टेबल पाहिजे. आणि पंखा.”

बावीस वर्षांत तिने काही मागितलं नव्हतं. मालक गडबडला. “पंख्याने कपडे उडतील.”

“उडालेले मी उचलीन.”

मालकाने मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलं. “बाई, आता डोळ्यांत पाणी नका आणू,” तो घाईघाईने म्हणाला. “देतो पंखा.”

आजवर ज्याला त्याला खुलासा देत आलेली ती बाई या वेळी काही बोलली नाही.

नव्या जागेवरून रस्ता दिसे. इतकी वर्षं तिच्यासमोर भिंत होती. संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं जाऊ लागली. एकही चेहरा ओळखीचा नव्हता. मग एक निळा चौकडीचा शर्ट आला, तिनेच इस्त्री केलेला, कॉलरला आतून ठिगळ असलेला. ते ठिगळ बघणाऱ्यांत तिच्याखेरीज कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. दिवस सरला तरी कॉलर ताठ होती.

तिने इस्त्री उभी ठेवली आणि तो माणूस वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिली.