मुरलेल्या पेशी

"तिचं रक्त माझ्या अंगात नको म्हणतात ते," धाकट्या भावाची बायको दारातूनच म्हणाली आणि शिलाई मशीन थांबलं.

मशीनवर बसलेल्या थोरल्या बहिणीने दोरा दाताने तोडला. भावाला रक्ताचा कर्करोग झाल्याचं तिला परक्या माणसाकडून कळलं होतं. आई गेल्याचंही असंच शेजारणीकडून. तेव्हापासून अबोला होता. मेल्यावरसुद्धा तोंड बघायचं नाही, हे दोघांनीही ठरवलेलं. तरी भावाच्या डॉक्टरीणबाईंनी बोलावल्यावर ही मुकाट्याने रक्ताची तपासणी करून आली. दोघांच्या पेशींवरच्या खुणा अर्ध्याच जुळतायत म्हटल्यावर तो म्हणे हसला, की बघा, ती आपली नाहीच!

बाईंना नेमकं तेच हवं होतं. रक्तातल्या काही पेशी पहारेकरी असतात, त्या सांगत होत्या. कोवळ्या असताना नुसती हाकाटी करतात. मुरल्या की गप्प होतात आणि मारतात. अंगावर घरची खूण नसेल त्याच्यावर तुटून पडतात. धाकट्याचे पहारेकरी रोगालाच घरचा समजून बसले होते, थोरलीचे फसणार नव्हते. तिच्या पेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून त्याला द्यायच्या. दुसरा इलाज उरला नव्हता. थोरलीला वाटलं, ही बाई आपलंच वर्णन करतेय. तरुणपणी ती भांडून गल्ली जागी करायची, आता शब्दही काढत नव्हती.

"घाबरलेत ते, वन्सं," भावजयीने खरं काय ते सांगितलं. "म्हणतात, भांडायची तेव्हा काही वाटायचं नाही. आता गप्प असते. तिच्या पेशी मलाच खातील."

थोरलीला हसू आलं आणि संतापही. एवढा मोठा घोडा झाला, पण अक्कल बेताचीच.

"त्याला सांग, माझा राग माझ्यापाशीच आहे. तो असा पिशवीत भरून द्यायला मी मोकळी नाही."

शेवटी तो कबूल झाला, पण तिने समोर यायचं नाही या अटीवर. तिने रक्त दिलं. पेशी तयार झाल्या त्या दिवशी अट मोडून काचेबाहेर जाऊन उभीही राहिली. नर्सने पिशवी टांगली. धाकट्याने बहिणीला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. हात मात्र त्याने सुईसाठी तसाच पुढे ठेवला. हाताची पार काडी झाली होती. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत उसवलेली.

थोरली शेजारी उभ्या भावजयीकडे वळली.

"तो सदरा माझ्याकडे पाठव," ती म्हणाली. "आणि मी शिवला म्हणून सांगू नकोस. नाहीतर तो घालायचा नाही."